खंडेनवमीला पुजलेला साचा

साच्यांच्या बाबतीत मी फार खडूस आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे. मलाही आहे. मी रेझिनच्या, म्हणजे ओतलं की काचेसारखं घट्ट होणाऱ्या रसायनाच्या, वस्तू करते. नावाच्या पाट्या, चावीला लावायचे गोंडे, लग्नातल्या वरमाला पारदर्शक चौकोनात जपून ठेवणं, असली कामं. या कामात बाईचं सगळं भांडवल म्हणजे तिचे सिलिकॉनचे साचे. साच्याला आतून एकदा ओरखडा गेला की पुढं त्यातून निघणारी प्रत्येक वस्तू तो ओरखडा अंगावर घेऊनच निघते. म्हणून माझ्या खोलीत तारेची घासणी आणायची नाही. सुरी तर नाहीच नाही. साच्यात रेझिनचा कपचा चिकटला तर तो नखानं उचकटायचा नाही, त्यावर चिकटपट्टी दाबून हलकेच ओढायची. मग कोमट पाणी, थोडा पातळ साबण, आणि बोटाच्या पेरानं चोळायचं. कपड्यानं पुसायचं नाही, तंतू राहतात. पालथा घालून वाळवायचा, आणि वाळलाय असं वाटलं तरी लगेच ओतायला घ्यायचं नाही, कारण कोपऱ्यात दडलेला पाण्याचा थेंब रेझिन दुधाळ करून टाकतो. साच्यावर साचा रचायचा नाही, दुमडायचा नाही, उन्हाधुळीत ठेवायचा नाही. हे सगळं मी घरात इतक्या वेळा सांगितलंय की नवरा म्हणतो, याच्या निम्मी काळजी माझी घेतली असतीस तर माझे केस गेले नसते.

आमचं घर निमगाव केतकीला. पूर्वी जिथं डाळिंबाचे क्रेट ठेवायचे ती खोली लग्नानंतर मला मिळाली. सासूबाईंनीच ती रिकामी करून दिली. त्यांना मी आत्या म्हणते. मी नेमकं काय करते हे त्यांना कधी नीट कळलं नाही, पण पाहुण्यांना त्या ठणकावून सांगतात की आमच्या सुनेचा कारखाना आहे.

या कारखान्यातला सगळ्यात पहिला साचा माझ्या वडिलांच्या हाताचा. माझं माहेर अंथुर्ण्याचं. वडिलांना आम्ही तात्या म्हणतो. ऊस, चार गाई, आणि दर आठवड्याला निमगावचा बाजार, हा त्यांचा ठरलेला कार्यक्रम. बाजार झाला की पिशवी घेऊन माझ्याकडं चहाला येणार, हेही ठरलेलं. तेव्हा मी नवी नवी शिकत होते. अंगाला लागलं तरी चालेल असं सिलिकॉन मागवलं होतं आणि हात कुणाचा घ्यायचा हा प्रश्न होता. तात्या समोर बसले होते. तेलाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डब्यात मी त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत बुडवला आणि घट्ट होईपर्यंत हलू नका म्हणून दम दिला. डाव्या हातानं चहा पीत, गुदगुल्या होतात म्हणत, दावणीला बांधल्यागत बसवलंस म्हणून कुरकुरत ते बसले. हात निघाला. डबा कापून आतला जाड ठोकळा काढला, एका बाजूनं चिरून ठेवला. चिरलेली बाजू रबरानं बांधली की वरून, मनगटाच्या तोंडातून ओतता येतं. पण पहिल्याच वेळी माझं रेझिनचं माप चुकलं. निघालेला हात दिवसचे दिवस चिकटच राहिला, शेवटी टाकून द्यावा लागला. साचा मात्र झकास निघाला होता. नखं, रेघा, विळ्याचा जुना व्रण, सगळं त्यात उतरलं होतं. त्याला मक्याचं पीठ भुरभुरून मी एका खोक्यात ठेवून दिला.

पुढच्या वर्षी तात्यांचा उजवा हात चारा कापायच्या कडबा कुट्टीच्या मशिनीत गेला. गाईंना हिरवी मका घालताना क्षणभर लक्ष उडालं. अंगठ्याशेजारची दोन बोटं निम्म्यातून गेली.

जखम भरली. तात्या परत धार काढायला लागले, खुरपं धरायला लागले, उसाला पाणी द्यायला दारं धरायलाही गेले. आम्हाला वाटलं, माणूस सावरला. फक्त निमगावचा बाजार बंद झाला. आधी म्हणाले पाय दुखतो, मग म्हणाले गाय व्यायला झालीय. हाताभोवती कायम टॉवेल गुंडाळलेला. शेवटी मी माहेरी गेले तेव्हा खोदून विचारलं. बाजारात काय होतं, तर प्रत्येकजण हात धरून विचारतो, कसं झालं, मशिन चालूच होती का, रक्त किती गेलं, बोटं सापडली का. माणसं चांगलीच, पण सगळ्यांना पहिल्यापासून ऐकायचं असतं.

"बोटं एकदा तुटली," तात्या म्हणाले. "पर सांगताना दर बाजारी तुटत्यात."

एस.टी.नं परत येताना माझं डोकं फिरलं होतं. कुणावर चिडावं हेही कळत नव्हतं, म्हणून कंडक्टरवर चिडले.

बारामतीत कृत्रिम बोटं करून देणारे एक डॉक्टर आहेत असं कळलं. सिलिकॉनचीच बोटं, उरलेल्या बोटावर टोपीसारखी चढवायची. त्यांनी काही धरता येत नाही, पण बघणाऱ्याला कळतही नाही. तात्यांना घेऊन गेले. त्यांनी एकच विचारलं, माझ्यासारखीच दिसतील का? डॉक्टर म्हणाले, एरवी आम्ही दुसऱ्या हाताची बोटं बघून करतो. पण तात्यांच्या डाव्या हाताचं त्यातलंच एक बोट लहानपणी झाडावरून पडून वाकडं झालेलं. डॉक्टरांनी ते हातात धरून बघितलं आणि सहज म्हणाले, जुन्या हाताचा काही ठसा असता तर फार सोपं झालं असतं. मी खुर्चीतून उठलेच. साचा आहे म्हटलं, चार दिवसांत हात ओतून आणते. बाहेर आल्यावर तात्यांनी मला बजावलं की बोटं येईपर्यंत यातलं कुणालाही सांगायचं नाही, सासरी तर मुळीच नाही. नाही जमली तर परत सगळ्यांना सांगत बसायचं अंगात बळ नव्हतं त्यांच्या.

घरी येऊन खोक्यातून साचा काढला. कोमट पाण्यानं धुतला, फळीवर बाकीच्या साच्यांत पालथा वाळत ठेवला. जुनं रेझिन पिवळं पडलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी नवीन आणायला परत बारामतीला गेले. तो दिवस खंडेनवमीचा होता, आणि हे माझ्या लक्षातच नव्हतं.

दुपारी परत आले तर ओसरीवर पूजा मांडलेली. आमच्याकडं खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं धुऊन पुजतात. कोयता, विळे, खुरपी, फवारणीचा पंप, पाने, आत्यांचं शिलाई मशिन. अंगणात ट्रॅक्टरला झेंडूचा हार. आणि मधोमध पाटावर, रांगोळीच्या आत, माझे सगळे साचे. प्रत्येकाच्या पोटात ओली हळद, ओलं कुंकू, वर अक्षता. लोखंडाला गंज चढू नये म्हणून खोबरेलाचं बोट फिरवतात, तेही प्रत्येकावरून फिरवलेलं. तात्यांच्या हाताचा साचा सगळ्यांत मोठा, म्हणून त्याला मान मोठा. चीर दोऱ्यानं घट्ट आवळून, मनगटाचं तोंड वर करून तो कलशासारखा उभा केला होता. आत पाणी, हळद, कुंकू, अक्षता, आणि तोंडाशी झेंडूचं भलंमोठं फूल.

आत्यांचा चेहरा फुलला होता.

"तू या घरात आलीस तवापासनं तुझी हत्यारं पुजायची ऱ्हायली हुती," त्या म्हणाल्या. "औंदा पुजली बघ."

एकदा पुजलेलं हत्यार दसऱ्याची पूजा उतरेपर्यंत हलवायचं नाही, हा आमच्या घरातला नियम सासऱ्यांच्या वडिलांपासूनचा. कोयत्यालाही त्या दिवशी सुट्टी असते. मी तो साचा उचलते म्हटलं असतं तर का, हे सांगावं लागलं असतं, आणि तात्यांना तर शब्द दिला होता. शिवाय खरं सांगायचं तर आत्यांच्या त्या फुललेल्या चेहऱ्यावर पाणी ओतायचं धाडसही झालं नाही. मी पूजेला नमस्कार केला. देवाला म्हटलं, तुझं तू बघ, माझे हात बांधलेत. नंतरचा सगळा दिवस मी घरभर आदळआपट करत फिरले आणि नवऱ्यानं शहाणपणानं शेताचा रस्ता धरला.

दसऱ्याला नैवेद्य झाला, अक्षता टाकून पूजा हलली, तसे मी साचे परातीत घालून मोरीवर नेले. पसरट साच्यांचं फारसं काही बिघडलं नव्हतं. अक्षता झटकल्या, कुंकवावर चिकटपट्टी दाबून ओढली, साबणानं तेल काढलं. हाताच्या साच्यातलं पाणी ओतलं तेव्हा मात्र कळलं की काय झालंय. हळदकुंकू सगळं खाली बसलं होतं. साच्याचा तळ म्हणजे बोटांची टोकं. अंगठ्याशेजारच्या दोन बोटांत सगळ्यांत जास्त साठलं होतं, आणि ती नेमकी तात्यांची गेलेली बोटं होती. चिरेतून साचा उघडून बघितला तर आत पिवळाधमक.

आता इथं मी जे केलं ते हळदीच्या कपड्यांचा ढीग धुतलेल्या कुठल्याही बाईनं केलं नसतं. पातळ साबणानं निघेना म्हणून घाईत भांड्यांची वडी फिरवली. हळदीला वडी लागली की काय होतं ते मला शाळेपासून माहीत आहे, हळदीला चुना लागून कुंकू कसं होतं तेही माहीत आहे. तरी फिरवली. दोन्ही बोटं आतून लालभडक झाली. मी साचा मांडीवर घेऊन तिथंच ओल्या फरशीवर बसले आणि मला रडू फुटलं.

आत्या धावत आल्या. त्यांना वाटलं मी घसरून पडले. काय झालं, कुठं लागलं, विचारत राहिल्या, आणि मग माझ्याच्यानं शब्द पाळवला नाही.

"आत्या, ह्यो तात्यांचा हात हाय," मी म्हटलं. "बोटं हुती तवाचा."

मग डॉक्टरांचं सांगितलं, बाजाराचं सांगितलं, दर बाजारी बोटं तुटण्याचं सांगितलं. आत्या माझ्याशेजारी खाली टेकल्या. पदर ओला होतोय याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी साच्याच्या आत वाकून बघितलं.

"मला काय ठावं गं," एवढंच म्हणाल्या. मग उठल्या, गुडघ्यावर हात टेकून, आणि डाग जाईल का न्हाय ते सांग म्हणाल्या. मी म्हटलं, माहीत नाही. त्या म्हणाल्या, उन्हात टाकला तर? मीही मनात तेच म्हणत होते. हळदीचा डाग साबणाला ऐकत नाही, उन्हालाच ऐकतो, हे लग्नघरातल्या प्रत्येकीला कळतं. फक्त साचा उन्हात ठेवायचा नाही हा माझा इतक्या वर्षांचा नियम होता आणि तो माझ्याच तोंडून मोडायला जड जात होतं.

साचा गच्चीवर गेला. साखर कारखान्याचं गळीत अजून सुरू व्हायचं होतं हे नशीब, नाहीतर त्याची काजळी उडून आत बसली असती. वर मच्छरदाणीचा तुकडा टाकला, चिरेत कागदाची घडी सरकवून तोंड उघडं ठेवलं. पण बोटांच्या टोकापर्यंत ऊन पोचेना. तेव्हा आत्यांनी माझ्या नवऱ्याचा दाढीचा आरसा आणला, भिंतीला टेकवून तिरका धरला, आणि उन्हाचा कवडसा बरोबर त्या दोन बोटांत पाडला. ऊन सरकलं की त्या आरसा सरकवायच्या. हातात कावळ्यांसाठी काठी, डोक्यावर पदर, अशी त्यांची राखण सुरू झाली. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी विचारलं, काय वाळवताय मावशी? आत्यांनी पटकन सांगून टाकलं, सांडगे. उन्हाळा सोडून दसऱ्याला सांडगे का, असं तिकडून आलं. यावर आत्यांनी ऐकूच आलं नाही असं दाखवलं. तात्यांची गोष्ट फुटू नये म्हणून ती बाई देवाधर्माच्या दिवसात खोटं बोलली, हे मला फार आवडलं.

पहिल्या दिवशी लाल जाऊन पिवळं राहिलं. पुढच्या दिवसांत पिवळंही फिकट होत गेलं. संध्याकाळी मी साचा खाली आणायची, स्पिरिटच्या बोळ्यानं तेलाचा थर काढायची, सकाळी परत वर. आठवडा संपत आला तेव्हा हळद पार गेली होती. बोटांच्या टोकांना मात्र बाजारच्या कुंकवाचा गुलाबी रंग तसाच होता. त्या कुंकवात कसला रंग असतो देव जाणे, तो उन्हाला भीक घालत नव्हता.

त्यावर एकच उपाय उरला होता. साच्यात भरून राहिलेला रंग ओढून काढायचा तर त्यात साधं रेझिन ओतायचं. ते घट्ट होताना रंग स्वतःच्या अंगावर घेतं, मग तो तुकडा टाकून द्यायचा. लहान साच्यांना मी हे नेहमी करते. पण या साच्यात बोटाबोटांमधली भिंत कागदाएवढी पातळ होती. रेझिन धरून बसलं तर काढताना ती भिंत फाटणार, आणि मग हात कायमचा गेला. मी सगळी सामग्री मांडली आणि परत आवरून ठेवली. असं दोनदा झाल्यावर आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, घाल आता, मी बसते हितं. म्हणून घातलं. मापं तीनदा तपासली, बुडबुडे काडीनं फोडले, रबरं बांधली. दुसऱ्या दिवसापर्यंत त्या खोलीत कुणी मोठ्यानं बोललंसुद्धा नाही.

उघडताना मी आधी मनगट सैल केलं, मग अंगठा, मग करंगळीकडून एकेक बोट. सिलिकॉन ताणलं जाताना ऐकू येईल असा आवाज होतो, त्यानं माझ्या दाढा दुखायला लागल्या. शेवटची ती दोन बोटं जराशी अडली आणि सुटली. काचेसारखा हात बाहेर आला, दोन बोटांची टोकं गुलाबी, देवीला कुंकू लावून आल्यासारखी. मी तो बाजूला ठेवला आणि मोबाइलची बॅटरी लावून साच्याच्या आत बघितलं. भिंत शाबूत होती. आतून रंगाचा मागमूस नव्हता. माझा जीव भांड्यात पडला. माझ्या तोंडाकडं बघूनच आत्यांना कळलं. त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी भजी तळायला घेतली.

दुसऱ्यांदा ओतलेला हात स्वच्छ निघाला. तो माझ्या हातात घेतला तेव्हा विळ्याचा व्रण बरोबर माझ्या बोटाखाली आला. शाळेच्या रस्त्यावर हाच हात मी धरायची. किती दिवसांत मी तात्यांच्या या बोटांकडं बघितलं नव्हतं, आणि नसलेल्या बोटांकडंही बघायचं टाळत होते. मी पुन्हा रडले, पण या रडण्यानं छाती मोकळी झाली. आत्यांनी मला रडू दिलं, आणि मग पुढच्या वर्षी या साच्याचं काय करायचं ते विचारलं. म्हटलं, पुजायचाच, पण हळदकुंकू बाहेर कागदावर. त्या लगेच हो म्हणाल्या. एवढ्या सहज त्यांनी माझं पहिल्यांदाच ऐकलं.

बारामतीच्या फेऱ्या झाल्या. डॉक्टरांनी हात उलटसुलट करून बघितला आणि खूश झाले. बोटांचा रंग ठरवताना तात्यांनी त्यांना चांगलंच पिडलं. वरून उन्हात रापलेली पाहिजेत आणि आतून नकोत, नखाला जरा माती पाहिजे, असं त्यांचं चाललं होतं. माती डॉक्टरांनी नाकारली. बोटं तयार होऊन हातात आली तेव्हा ती कशी सांभाळायची ते मी समजावलं. रोज पातळ साबणानं धुवायची, घासायची नाहीत, पालथी वाळवायची. आणि जेवताना काढून ठेवायची, कालवणातली हळद लागता कामा नये. हे ऐकून तात्या मला म्हणाले, म्हणजे आता मीबी तुझ्या साच्यातलाच झालो म्हण की.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी मी काही बोलले नव्हते, बोलावलंही नव्हतं. दुपारी दारात चप्पल वाजली. तात्या होते. खांद्यावर पिशवी, पिशवीतून मेथी बाहेर आलेली, टॉवेल नुसता खांद्यावर टाकलेला. आत्यांनी पदर सावरून व्याह्यांना बसायला घातलं आणि चहा टाकायला त्या जरा जास्तच लगबगीनं आत गेल्या. मी पाणी दिलं. बाजार कसा होता म्हणून विचारलं, आणि माझा आवाज नेहमीसारखा राहील याची काळजी घेतली. तात्यांनी दोन्ही बोटं काढली, खिशातल्या डबीत नीट ठेवली, पाणी प्याले, तोंड पुसलं.

"उसाचं इचारलं, गाईचं इचारलं, तुझंबी इचारलं," ते म्हणाले. "हाताचं कुणी काय काढलं न्हाय."

असं म्हणून ते भिंतीला टेकले आणि चहा यायच्या आत बसल्या जागी झोपी गेले.